राजा अडतो तेव्हा

'राजा बोले, दळ हाले' ही म्हण आपण शाळेत म्हणींच्या यादीत पाठ केली आणि तिथेच ठेवून दिली. मराठी रंगभूमीने आणि चित्रपटाने मात्र ती फार मनावर घेतली. आपला राजा बोलतो तो शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला ऐकू जावे म्हणून. भालजी पेंढारकरांच्या 'छत्रपती शिवाजी'मधले (१९५२) चंद्रकांत मांडरे आठवावेत, किंवा 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधला डॉ. काशिनाथ घाणेकरांचा संभाजी. राजेपणाची पहिली खूण म्हणजे आवाज. जिरेटोप आणि अंगरखा त्यानंतर. एकांकिकेसाठी मुलांना राजा हवा असला की तीदेखील आधी आवाज शोधतात, हा माझा वीसेक वर्षांच्या अध्यापनातला अनुभव आहे. उंची कमी असली तरी चालते, पाठांतर कच्चे असले तरी निभावते, आवाज मात्र खणखणीत लागतो.

मग राजाला बोलताच आले नाही तर दळाने काय करायचे? हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. तो एका अपराधातून पडला, तेव्हा तो अपराध आधी सांगून टाकलेला बरा.

२०११ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. स्नेहसंमेलनात आमच्या मुलांनी एक प्रहसन बसवले होते. शत्रू वेशीपाशी आलेला आहे, राजाला सैन्याला 'मारा' अशी आज्ञा द्यायची आहे, पण राजा तोतरा. तो 'मा, मा' करत राहतो आणि गोंधळलेला प्रधान धावत जाऊन राजाच्या मामाला घेऊन येतो. सभागृह अक्षरशः कोसळले. लेखन मुलांचे होते, तालमींवर देखरेख माझी होती, आणि मामाची ती कोटीही माझीच होती. तिसऱ्या रांगेत तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी बसला होता. बोईसरहून येणारा, वडील औद्योगिक वसाहतीत कामगार. तो बोलताना अडखळत असे. प्रयोग चालू असताना माझी नजर त्याच्याकडे गेली. तो सर्वांबरोबर हसत होता. ते पाहून मला बरे वाटले.

त्यानंतर आठवड्याभराने त्याने माझ्या हातात एक पेन ड्राइव्ह ठेवला आणि म्हणाला, "सर, ह्यात एक सिनेमा आहे. वेळ मिळाला तर बघा." (त्याचे अडखळणे मी या लेखात टिंबे आणि रेघा देऊन छापणार नाही. छापलेला तोतरेपणा ही देखील एक नक्कलच असते, आणि ती माझी करून झालेली आहे.)

चित्रपट होता 'द किंग्ज स्पीच', २०१० चा. दिग्दर्शक टॉम हूपर. इंग्लंडचा सहावा जॉर्ज लहानपणापासून अडखळत बोलत असे. लायनेल लोग नावाच्या एका ऑस्ट्रेलियन वाणीशिक्षकाने १९२६ पासून त्याला साथ दिली. त्या दोघांच्या संबंधावर हा चित्रपट आहे. राजाच्या भूमिकेत कॉलिन फर्थ, लोगच्या भूमिकेत जेफ्री रश. फर्थ यांना या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले हे सर्वांना ठाऊक आहे. पटकथाकार डेव्हिड साइडलर स्वतः लहानपणी अडखळत असत, हे तितकेसे ठाऊक नसते. युद्धकाळात मुलगा असताना त्यांनी रेडिओवर या राजाचे बोलणे ऐकले होते. पुढे त्यांनी राजाच्या विधवा पत्नीकडे लेखनाची परवानगी मागितली, तेव्हा त्या स्मृती अजून फार क्लेशकारक आहेत, माझ्या हयातीत नको, असे तिने कळवले. ती २००२ मध्ये, एकशेएक वर्षांची होऊन, निवर्तली. साइडलर तोवर थांबले. या विषयावर लिहिणाऱ्या माणसाला थांबणे जमले, ही गोष्ट मला फार योग्य वाटते.

पहिला प्रसंग १९२५ सालच्या ३१ ऑक्टोबरचा. वेम्बलीच्या मैदानावर साम्राज्याच्या प्रदर्शनाचा समारोप आहे आणि ड्यूकला, म्हणजे पुढच्या राजाला, दोन शब्द बोलायचे आहेत. तो ध्वनिक्षेपकासमोर उभा राहतो. काहीच ऐकू येत नाही. गळ्याची हालचाल दिसते, जबडा आवळलेला दिसतो, डोळ्यांत पाणी तरळल्यासारखे होते. पहिले शब्द बाहेर पडतात ते कर्ण्यांतून प्रतिध्वनी होऊन त्याच्याच अंगावर परत येतात. मग कॅमेरा ऐकणाऱ्यांकडे वळतो. कोणी मान खाली घातली आहे, कोणी दुसरीकडे पाहत आहे.

मी तो प्रसंग त्या रात्री तीनदा पाहिला. आमच्या प्रहसनातला राजा कुठे चुकला होता, ते मला तेव्हा कळले. आपल्याकडच्या नटाची समजूत अशी की, तोतरेपणा म्हणजे जास्तीचे आवाज. एका अक्षराऐवजी चार अक्षरे म्हटली की झाला तोतरा. 'डर'मधल्या (१९९३) शाहरुख खानच्या 'किरण' या उच्चाराच्या नकला करून एक आख्खी पिढी मोठी झाली. नकलेत उरली ती फक्त क ची माळ. प्रत्यक्षात अडखळणे तीन तऱ्हांनी होते. अक्षराची पुनरुक्ती होते, अक्षर लांबते, किंवा अक्षराच्या अलीकडेच सगळे अडून राहते. तिसऱ्या प्रकारात ऐकणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही. फर्थ यांनी मुख्यतः हा तिसरा प्रकार निवडला आहे. त्यामुळे त्यांच्या राजाची नक्कल करणे अवघड आहे, कारण नक्कल करायला आवाजच नाही.

दुसरी गोष्ट त्याहून सूक्ष्म. नक्कल करणारा नट अडखळण्याची धडपड करीत असतो. खरा अडखळणारा माणूस न अडखळण्याची धडपड करीत असतो. फर्थ सतत ही दुसरी धडपड करताना दिसतात. धोक्याचे अक्षर पुढे येते आहे हे त्यांच्या राजाला दोन शब्द आधी कळलेले असते आणि ते आपल्याला त्याच्या डोळ्यांत दिसते. कित्येकदा अडचण येते ती त्याच्या रागातून, कधी तुसडेपणातून. कारण माणूस बोलता येत नाही म्हणून केवळ केविलवाणा होत नाही, तो चिडकाही होतो. लोग त्याच्या कानांवर कर्णसंच चढवून मोठ्याने संगीत लावतो आणि 'हॅम्लेट'मधले स्वगत वाचायला देतो. राजाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि त्याचे वाचन सुरळीत होते. पण ते त्याला पटत नाही, तो रागाने निघून जातो, आणि ध्वनिमुद्रिका घरी ऐकतो तेव्हा कुठे त्याचा विश्वास बसतो. दोष जिभेत नव्हता. भीती स्वतःच्याच बोलण्याचा साक्षीदार होण्याची होती. आपल्याकडे मूल बोलायला उशीर लावू लागले की वेखंड उगाळून मधातून चाटवतात. त्यामागचा सगळा रोख जिभेवर असतो, ऐकणाऱ्यांवर नसतो.

याच चित्रपटात आर्चबिशपच्या भूमिकेत डेरेक जेकबी आहेत. ज्यांनी बीबीसीची 'आय, क्लॉडियस' (१९७६) ही मालिका पाहिली असेल त्यांना त्यातली गंमत कळेल. रॉबर्ट ग्रेव्ह्जच्या कादंबऱ्यांवरील त्या मालिकेत रोमचा तोतरा सम्राट क्लॉडियस जेकबी यांनीच रंगवला होता. त्यांची रीत फर्थ यांच्यापेक्षा अगदी निराळी. त्यांचा क्लॉडियस भरपूर अडखळतो, लंगडतो, मान झटकतो. पुनरुक्ती तर पावलोपावली. तरीही ती थट्टा होत नाही, कारण त्या अडखळण्याला तिथे काम आहे. ज्या घराण्यात हुशार माणसांवर विषप्रयोग होतात त्या घराण्यात मूर्ख समजले जाणे ही ढाल ठरते. जगायचे असेल तर तोतरेपणा आणि लंगडणे वाढवून दाखव, असा सल्लाच त्याला तरुणपणी मिळतो. म्हणजे जेकबी हे अडखळणाऱ्या माणसाने केलेला अडखळण्याचा अभिनय करतात. पुढे अपघाताने सम्राटपद पदरी पडल्यावर हाच माणूस सेनेटपुढे सांगतो की, बोलायला किती वेळ लागला यापेक्षा काय बोलले गेले ते पाहा.

'द क्राउन'च्या पहिल्या पर्वात (२०१६) जॅरेड हॅरिस यांनी सहावा जॉर्जच साकारला. इथे राजा थकलेला, आजारी आहे, आणि अडखळणे जुन्या दुखण्यासारखे अधूनमधून डोके वर काढते. नाताळात गावातली गाणारी मंडळी येतात आणि राजा कागदी मुकुट घालून त्यांच्याबरोबर गाऊ लागतो. गाताना अडखळणारा माणूस सहसा अडखळत नाही. हॅरिस यांनी तेवढ्यावर काम भागवले आहे. कोणी काही समजावून सांगत नाही.

असो. चित्रपट पाहून झाल्यावर मी पेन ड्राइव्ह परत केला तो गाडीत. तो बोईसरला चढे, मीही बोईसरलाच चढत असे. बोईसर ते पालघर यांच्या मध्ये उमरोळी हे एकच स्टेशन. मी त्याची क्षमा मागितली. ती मागताना मीच अडखळलो, हे सांगायला हरकत नाही. वातावरण हलके करावे म्हणून मी त्याला केरळचे पहिले मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांची प्रसिद्ध आख्यायिका सांगितली. तुम्ही नेहमीच अडखळता का, असे कोणी विचारले तेव्हा ते म्हणाले होते म्हणे, नाही, बोलतो तेव्हाच. तो हसला. मग म्हणाला, "हसण्याचं काही वाटत नाही सर. सवय आहे. माझं वाक्य दुसरं कोणी पुरं करतं ना, ते लागतं."

मी विचारले, चित्रपटातला कोणता प्रसंग सर्वांत आवडला? तो म्हणाला, पहिला. मला आश्चर्य वाटले, कारण त्या प्रसंगात राजाची फजितीच आहे. त्यावर त्याने जे सांगितले ते सांगायला त्याला उमरोळी मागे पडेपर्यंत वेळ लागला. "एवढं मैदान भरलंय, सगळ्यांना अवघडल्यासारखं झालंय, पण राजाचं वाक्य कोणी पुरं करत नाही."

आणि मग, पालघर येता येता, त्याने मला माझ्याच एका तोंडी परीक्षेची आठवण करून दिली.

त्या वर्षी आम्ही 'मृच्छकटिक' शिकवत होतो. शूद्रकाचे मूळ आणि देवलांचे संगीत रूपांतर यांची तुलना होती. तोंडी परीक्षेत मी त्याला सोपा म्हणून प्रश्न विचारला होता, "तुला या नाटकातलं सर्वांत लक्षात राहिलेलं पात्र कोणतं?" त्याने 'श' हे अक्षर गाठले आणि तो तिथेच अडकला. मी दोन-तीन क्षण थांबलो असेन. मग मदतीच्या भावनेने म्हणालो, "शर्विलक! वा. घरफोडीचा प्रसंग फारच रंगतो, नाही?" त्याने मान डोलावली आणि घरफोडीविषयी दोन-तीन वाक्ये बोलला. मी त्याला बरे गुण दिले.

"सर, मला शकार म्हणायचं होतं."

शकार हा राजाचा मेहुणा, वसंतसेनेच्या मागे लागलेला आणि अखेर तिचा गळा दाबणारा. त्याच्या प्राकृतात स च्या जागी श येतो, र च्या जागी ल येतो; बोलण्यात श फार, म्हणून शकार, अशी परंपरागत व्युत्पत्ती सांगतात. रामायण आणि महाभारत यांची तो अशी सरमिसळ करतो की कोणती नायिका कोणाला भ्याली याचा पत्ता राहत नाही. गिरीश कार्नाडांच्या 'उत्सव'मध्ये (१९८४) शशी कपूर यांनी ही भूमिका केली होती; स्थूल, लाडावलेला, हसवता हसवता अंगावर येणारा शकार. मी वर्गात नेहमी सांगत आलो होतो की शकार हे विनोदी खलपात्र आहे, उच्चारदोष हा त्याच्या विनोदाचा भाग आहे. त्या मुलाचे म्हणणे वेगळे होते. "तो एवढं चुकीचं बोलतो सर, पण कुठेच थांबत नाही. त्याला थांबवायची कोणाची हिंमत नाही, कारण तो राजाचा मेहुणा आहे."

मी इतकी वर्षे हे नाटक शिकवत होतो आणि ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. त्या नाटकात राजा पालक रंगमंचावर येतच नाही. राजसत्ता आपल्यासमोर येते ती या अशुद्ध बोलणाऱ्या मेहुण्याच्या रूपाने, आणि सगळी उज्जयिनी त्याचे बोलणे मुकाट्याने ऐकून घेते. प्रेक्षक हसतात, पात्रांना हसून चालत नाही. उच्चाराला हसायचे की थांबून ऐकायचे, हे बोलणाऱ्याच्या तोंडावर ठरत नाही, त्याच्या जागेवर ठरते. आमच्या वर्गात सातपाटी-मुरब्याकडची, डहाणू-तलासरीकडची मुले असतात. कोणाच्या ण चा न होतो, कोणाच्या ळ चा ल. पहिल्या वर्षी एखादा 'पानी' म्हणाला की मागच्या बाकावरून हसू येते, आणि मग तो मुलगा तीन वर्षे बोलत नाही. त्यांची जीभ अडत नाही, अडवलेली असते. त्या दिवशी गाडीत मला प्रथमच वाटले की तोतऱ्याला हसणे आणि बोलीला हसणे ही दोन वेगळी हसणी नव्हेत.

इथे मला माझ्याच डोळ्यांतल्या पाण्याविषयीही बोलले पाहिजे. 'द किंग्ज स्पीच'चा शेवट म्हणजे ३ सप्टेंबर १९३९ चे, युद्ध पुकारल्यानंतरचे, रेडिओवरचे भाषण. राजापुढे एकटा लोग उभा आहे, पार्श्वभूमीला बीथोवनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग आहे, आणि साम्राज्य कान देऊन ऐकते आहे. मला रडू आले. त्या भाषणाचे मूळ ध्वनिमुद्रण आज कोणालाही ऐकता येते. चित्रपटात दिसते तेवढी झुंज त्यात ऐकू येत नाही. राजा फारसा अडखळत नाही, तो थांबतो. लोगने अशा भाषणांच्या प्रतींवर कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचे याच्या खुणा करून दिलेल्या असत. पण त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगोने येथील कोणत्याही नेत्याला न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले होते. त्या राजाचा मुखवटा माझ्या आजीच्या पेटीत होता. लक्ष्मीपूजनाला ताम्हनात मांडायचे चार रुपये, त्यांतले दोन सहाव्या जॉर्जचे. युद्धामुळे १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, म्हणून आजी त्यांना हलके म्हणत असे. नाण्यावरच्या राजाला मुकुट होता, नाक-डोळे होते. हा माणूस बोलताना अडतो हे ते नाणे मोडणाऱ्या कोणालाही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

पालघरला स्टेशनातून कॉलेजकडे जाताना हुतात्मा स्तंभ लागतो. १४ ऑगस्ट १९४२ रोजी 'चले जाव'चा मोर्चा पालघरला आला आणि गोळीबारात पाच जण पडले. राज्य याच सहाव्या जॉर्जच्या नावाने चालले होते. चित्रपट पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिथून गेलो तेव्हा माझी मोठी पंचाईत झाली. रात्री ज्याच्या एका वाक्यासाठी मी श्वास रोखून बसलो होतो, त्याच्या अंमलात या पाच जणांच्या घोषणा ऐकून घ्यायला कोणी थांबले नव्हते. म्हणून राजाविषयीची करुणा खोटी ठरते असे मला वाटत नाही. फर्थ यांनी एका माणसाच्या घशातली गाठ दाखवली आणि ती खरी आहे. पण त्या करुणेला एक अट आहे, ती चित्रपट सांगत नाही. राजा अडला म्हणून आपण थांबलो. आपल्यासमोर रोज जे अडतात त्यांच्यापाशी थांबायला मुकुट नसतो, पार्श्वसंगीत नसते, आणि तासाची घंटा व्हायला आलेली असते.

त्यानंतर तोंडी परीक्षेत मी स्वतःपुरता एक नियम केला. विद्यार्थी अडला की मनात आकडे मोजायचे आणि तोंड मिटून बसायचे. दहापर्यंत मोजणे सोपे वाटते, करून पाहावे. सहा-सात आकड्यांपर्यंत येता येता ओठांवर शब्द येतो, आणि बहुधा तो चुकीचा असतो. प्रहसने अजूनही बसवतो. तोतरा राजा पुन्हा आलेला नाही. मुलांनी एकदा सुचवला होता, तेव्हा मी त्यांना वेम्बलीचा प्रसंग दाखवला आणि हे करून दाखवता येत असेल तर करा, म्हणालो. त्यांनी पंधरा दिवस तालीम केली आणि जमत नाही म्हणून सोडून दिले. मला त्यांचा अभिमान वाटला.

तो विद्यार्थी आता तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. अजूनही अडतो. मागच्या पावसाळ्यात सकाळच्या गाडीत भेटला. काही कामासाठी विरारला निघाला होता. उमरोळीच्या पुढे त्याने मुलीचा विषय काढला. साडेतीन वर्षांची आहे, हल्ली बोलताना अडखळू लागली आहे. घरात वेखंड सुरू झाले आहे, आजी तिच्या तोंडून शब्द काढून घेते, आत्या दुरुस्ती करते. "मी सगळ्यांना सांगितलंय सर," असे म्हणून तो अडला. काय सांगितले असेल ते मला ठाऊक होते. तेवढ्यात पालघर आले. माझा पहिला तास होता, दारात गर्दी होती, आणि त्याचे वाक्य अजून यायचे होते.

मी उतरलो नाही. त्याचे वाक्य केळवे रोडच्या अलीकडे पूर्ण झाले, आणि मला वाटले होते ते ते नव्हतेच. "मी सगळ्यांना सांगितलंय, की ती अडली तरी तिच्याकडे बघत राहायचं. मान खाली घालायची नाही."

केळवे रोडला उतरलो. परतीच्या गाडीला बराच वेळ होता. तास बुडाला.